जरा वर घ्या

कोणीही वाचणार नाही याची पक्की खात्री बाळगून लिहिण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मिक्सरच्या खोक्यातली पुस्तिका, विम्याच्या पॉलिसीची मागची बाजू, शासन निर्णयाच्या सुरुवातीला 'वाचा' असं फर्मावून दिलेली जुन्या निर्णयांची यादी, हे सगळं वाङ्मय वाचकाविना सुखाने नांदत होतं. लिहिणाऱ्याला घाई नव्हती, वाचणाऱ्याला गरज नव्हती. मिक्सर बिघडला की दुरुस्तीवाला यायचा आणि त्यानेही पुस्तिका वाचलेली नसायची.

या शांत प्रांतात आता एक वाचक घुसला आहे. तो अक्षर न् अक्षर वाचतो. वाचलेलं खरं मानतो. आणि भीतीची गोष्ट म्हणजे, वाचून झाल्याबरोबर तसं करूनही मोकळा होतो. या वाचकाला एआय एजंट म्हणतात. सध्या माझी रोजीरोटी त्याच्यासाठी लिहिण्यावर चालते.

लग्नकार्यात कोणी "सध्या काय करता?" असं विचारलं की माझी पंचाईत होते.

"डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या टूल्सची वर्णनं लिहितो."

"म्हणजे आम्ही ती कशी वापरायची, ते?"

"तुम्ही नाही वापरायची. एजंट वापरणार."

"अच्छा, एजन्सी आहे तुमची!"

एवढ्यात मठ्ठा येतो आणि सुटका होते.

खरं तर गोष्ट सोपी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला. भाषेच्या मॉडेलने बाहेरच्या सॉफ्टवेअरशी कोणत्या रीतीने बोलायचं, याचे ते खुले नियम. जून २०२५ मध्ये डिझाइनच्या फिग्मा या सॉफ्टवेअरने आपलं दार या नियमांनी किलकिलं केलं. त्रिमितीय चित्रं करणाऱ्या ब्लेंडरला तर हौशी मंडळींनी त्याआधीच अशी जोडणी करून दिली होती. या व्यवस्थेत एजंट मेनू उघडून, बटणांवर माउस फिरवून 'हे काय असेल बरं' असं बघत बसत नाही. त्याच्या हाती एक यादी येते. यादीतल्या प्रत्येक टूलची मुख्य कलमं तीन: नाव, वर्णन आणि सोबत काय काय माहिती पुरवायची त्याचा तक्ता. त्या दोन-चार ओळींवर विसंबून त्याने कॅनव्हासवर हात चालवायचा. या ओळी असतात इंग्रजीत. इथे मी त्या आपल्या सोयीसाठी मराठीत देतो आहे.

पूर्वी या ओळी इंजिनिअर लिहीत. इंजिनिअर हा स्वभावाने मितभाषी. 'मूव्ह लेअर' या टूलचं वर्णन त्याने केलं होतं, "लेअर मूव्ह करतो." 'सेट प्रॉपर्टी'चं वर्णन, "प्रॉपर्टी सेट करतो." 'प्रोसेस नोड्स' या टूलपुढे "नोड्स प्रोसेस करतो" एवढंच होतं. प्रोसेस म्हणजे नक्की काय करतो, हे विचारायला गेलो तर तो इंजिनिअर नोकरी बदलून बंगळूरला गेल्याचं कळलं. त्याच्या जागी आलेल्याने सांगितलं, "चालतंय ना? मग हात लावू नका."

माणसाच्या बाबतीत एवढ्यावर भागतं, कारण अर्धवट सांगितलेलं काम माणूस स्वतःच्या पदरचं घालून पुरं करतो. हे औदार्य किती मोठं आहे ते बघायचं असेल तर फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसावं. मी बसलो. ऑफिसने याला 'फील्ड रिसर्च' म्हणायची परवानगी दिली होती.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. ऑपरेटर खुर्चीत, समोर कोरल ड्रॉ, पाठीमागे चार कार्यकर्ते उभे. पडद्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. मध्ये साहेब, बाजूला दादा, तळाशी शुभेच्छुकांची गोल डोकी ओळीने.

"साहेबांना जरा वर घ्या."

ऑपरेटर साहेबांना वर घेतो.

"तसं नाही हो. दादांच्या वर घ्या."

ऑपरेटर साहेबांना पुढे आणतो.

"आता दादा झाकले."

दादा अर्धा इंच डावीकडे जातात.

"मस्त. आता ते कायतरी जरा फ्रेश करा."

ऑपरेटर पिवळ्याचा केशरी करतो, नावाभोवती पांढरी कड देतो आणि चहाचा कप उचलतो. मागून आवाज येतो, "आता कसं!"

या दोन मिनिटांत त्या माणसाने किती गोष्टी न विचारता ओळखल्या ते पाहा. पडद्यावर तीन साहेब होते. त्यातले 'साहेब' कोणते, ते त्याने कार्यकर्त्याच्या हनुवटीच्या रोखावरून ताडलं. पहिल्यांदा 'वर' म्हणजे आभाळाच्या दिशेने असं धरलं, दुसऱ्यांदा 'वर' म्हणजे दादांच्या पुढे. 'जरा' म्हणजे डोकं मंडळाच्या नावाला टेकणार नाही इतपत. पक्षाच्या चिन्हाला कोणी हात लावायला सांगितला नव्हता, म्हणून लावला नाही. शुभेच्छुकांच्या डोक्यांचे आकार त्याने मोजून सारखे ठेवले, कारण एखादं डोकं चार मिलिमीटरने मोठं निघालं तर सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आत त्याचा जाब विचारला जातो. शेवटी छपाईला पाठवण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह केली, म्हणजे मशीनवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षर हलणार नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. एकदा कोणाची तरी नव्वद चौरस फुटांची फजिती झाली असेल, तिथून ती विद्या अख्ख्या धंद्यात पसरली.

मग हाच हुकूम आम्ही आमच्या एजंटला सोडला. यादीत 'मूव्ह अप' नावाचं टूल होतं. वर्णन: "निवडलेली वस्तू वर हलवतो." सोबत द्यायची माहिती: "अंतर." एजंटने विचार केला, पन्नास दिले आणि कळवलं, "साहेबांना यशस्वीरीत्या वर घेतले आहे. आणखी काही मदत हवी आहे का?" साहेब तेव्हा शुभेच्छुकांच्या रांगेत कमरेपर्यंत बुडालेले होते.

यात एजंटचा दोष शून्य. शाळेत आलेखावरचा वाय अक्ष वर चढतो. पडद्यावर मात्र शून्य असतं वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि वाय वाढला की वस्तू खाली उतरते. वेबपानं, एसव्हीजी, फिग्मा, सगळ्यांचा हाच रिवाज. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ तेवढे शाळेतलं विसरलेले नाहीत. त्यांचं शून्य खाली आणि वाय वर. त्यातून फ्रेमच्या आतल्या वस्तूचं ठिकाण त्या फ्रेमच्या कोपऱ्यापासून मोजायचं, कॅनव्हासच्या नव्हे. आणि कोण कोणाला झाकणार, हा निराळाच मामला. फिग्माच्या लेअर पॅनेलमध्ये सगळ्यात वर दिसणारा लेअर चित्रातही सगळ्यात पुढे असतो. पण प्लगइनने प्रोग्रामातून तीच यादी मागवली की ती उलटी येते: पहिला तो सगळ्यात मागचा. म्हणजे 'साहेबांना पहिल्या क्रमांकावर ठेवा' असं म्हणायचा अवकाश, साहेब पार्श्वभूमीच्याही पाठीमागे. राजकारणात याला मार्गदर्शक मंडळात पाठवणं म्हणतात.

तेव्हा मी ते वर्णन नव्याने लिहिलं: "निवडलेली वस्तू तिच्या फ्रेममध्ये उभ्या दिशेने सरकवतो. अंतर पिक्सेलमध्ये द्यावे. धन आकडा दिल्यास वस्तू खाली जाते, ऋण दिल्यास वर. कोण कोणाला झाकते ते याने बदलत नाही. त्यासाठी 'क्रम बदला' हे टूल वापरावे." आणि नाव 'मूव्ह अप' होतं ते बदलून 'उभे सरकवा' केलं, कारण नावातच 'वर' ठेवून वर्णनात 'खाली' म्हणणं फक्त महागाईच्या आकडेवारीला शोभतं. या पाच वाक्यांना साहित्य अकादमी मिळणार नाही, हे मान्य. पण साहेब वर गेले.

'वर'चा निकाल लागला तरी 'जरा' शिल्लक होता. एकक लिहायचा कंटाळा ही फार महाग सवय आहे. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झालं, ते एका बाजूने आकडे पौंड-सेकंदांत पाठवले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंदांत मोजले म्हणून. तिथे निदान दोन्हीकडे शास्त्रज्ञ होते. इथे एका बाजूला कार्यकर्ते आहेत. ते "दहा बाय आठ" म्हणतात, म्हणजे फूट, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एजंटच्या टूलमध्ये 'रुंदी' आणि 'उंची' एवढंच लिहिलेलं असेल तर तो दहा पिक्सेल बाय आठ पिक्सेलचा फ्लेक्स करतो. तेवढ्यात मुंगीचा वाढदिवस साजरा होतो.

रंगाचंही तेच. बहुतेकांच्या डोक्यात लाल, हिरवा, निळा शून्य ते २५५ अशा मापात बसलेले असतात. फिग्माच्या प्लगइनला ते शून्य ते एक या मापात लागतात. ब्लेंडरची तऱ्हा याहून न्यारी. पडद्यावर तो कोन अंशांत दाखवतो, पण पायथॉनमधून सांगायला गेलात तर रेडियन मागतो. कोणी भाबडेपणाने 'नव्वद' असं सांगितलं तर वस्तू काटकोनात वळायची सोडून चौदा गिरक्या घेते आणि वर सुमारे ११७ अंश जाऊन थांबते. लावणीला हे ठीक आहे, खुर्चीच्या मॉडेलला नाही. वर्णनात "कोन, रेडियनमध्ये" हे दोन शब्द असते तर हे टळलं असतं. पण ज्याने ते दोन शब्द लिहायचे तो इंजिनिअर म्हणतो, "हे तर सगळ्यांना माहीतच असतं." हे वाक्य ज्या टूलबद्दल उच्चारलं जाईल, त्याचं वर्णन मी त्याच दिवशी हातात घेतो.

खरी कसोटी लागते ती सख्ख्या भावंडांसारखी दिसणारी टूलं आली की. 'रिसाइझ' आणि 'स्केल' यांची वर्णनं आधी जवळजवळ एकच होती: "वस्तूचा आकार बदलतो." प्रत्यक्षात पहिलं चौकट मोठी करतं, आतली अक्षरं आहेत त्याच मापाची राहतात. दुसरं सगळंच फुगवतं, अक्षरं, रेघांची जाडी, सगळं. एजंटला दोघांत फरक दिसेना, तेव्हा तो मन मानेल ते उचलायचा. एकदा पोस्टर मोठं व्हायचं आणि मजकूर कोपऱ्यात अंग चोरून बसायचा, एकदा सगळंच दुप्पट व्हायचं. अशा वेळी टूल काय करतं एवढं सांगून पुरत नाही; काय करत नाही आणि त्यासाठी कोणाकडे जायचं, तेही सांगावं लागतं. हे शास्त्र पुण्याच्या दुकानदारांनी फार पूर्वी सिद्ध केलेलं आहे. 'आमची कोठेही शाखा नाही' या एका पाटीत टूलची व्याप्ती, मर्यादा आणि इतरांशी असलेलं नातं इतक्या कमी शब्दांत आलं आहे की मी ती टेबलासमोर लावून ठेवली आहे. 'रिसाइझ'च्या वर्णनात आता शेवटची दोन वाक्यं अशी आहेत: "यात अक्षरांचा आकार बदलत नाही. तो बदलायचा असल्यास 'स्केल' वापरावे." एजंट ते वाचतो आणि मुकाट्याने शेजारच्या दुकानात जातो.

अशी चार वर्णनं नीट झाली की ऑफिसातल्या सगळ्यांना हा नाद लागतो आणि उलटा रोग सुरू होतो. कायदा विभाग दोन ओळी घालतो. सुरक्षा विभाग 'अत्यंत महत्त्वाचे' असं शीर्षक देतो. ते पाहून मार्केटिंगवाले आपल्या टूलच्या वर्णनात "अत्याधुनिक आणि सहजसुंदर पद्धतीने" हे शब्द घुसवतात, जणू एजंटला सवलतीच्या दरात काही विकायचं आहे. यादी एजंटच्या त्या वेळच्या स्मरणात जागा अडवते. वर्णनं पानपानभर झाली की मूळ कामाला जागा कमी पडते. शिवाय चाळीस टूलांपैकी चाळीसही 'अत्यंत महत्त्वाची' ठरली की एजंट हादरतो. आमचा एजंट महिनाभर इतका धास्तावला होता की एक टिंब काळं करायलाही तो परवानगीचा अर्ज करायचा. वास्तविक 'हे टूल नुसतं बघतं' आणि 'हे टूल होतं ते मोडतं' असे शेरे मारण्याची वेगळी सोय त्या प्रोटोकॉलमध्येच आहे. बघणाऱ्याला बघू द्यावं आणि मोडणाऱ्यापाशी थांबून विचारावं, इतकी ती साधी आहे. पण शेरा मारायला टूल नक्की काय करतं हे ठाऊक असावं लागतं, आणि 'अत्यंत महत्त्वाचे' लिहायला काहीच ठाऊक असावं लागत नाही.

वर्णनाचंच धाकटं भावंड म्हणजे त्रुटीचा संदेश. फिग्मात मजकूर बदलण्याआधी त्याचा फॉन्ट लोड करावा लागतो, नाहीतर काम अडतं. आमचं टूल अशा वेळी म्हणायचं, "त्रुटी." एजंट जिद्दीचा. तो तोच मजकूर पुन्हा पाठवायचा. टूल म्हणायचं, "त्रुटी." सरकारी खिडकीवर दोन्ही बाजूंनी तरुण, उत्साही माणसं बसवली तर जसं होईल तसं ते रात्रभर चाललं. सकाळी लॉग पाहिला तर दोघांपैकी एकाचाही आवाज चढलेला नव्हता. आता संदेश असा आहे: "या मजकुराचा फॉन्ट लोड झालेला नाही. आधी 'फॉन्ट लोड करा' चालवावे, मग हेच पुन्हा पाठवावे." दुसऱ्या खेपेला काम होतं.

हे सगळं करूनही मराठी मुलखातला एक पेच कुठल्याच परदेशी पुस्तिकेत सापडत नाही. आपल्याकडच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. श्रीलिपी वगैरे फॉन्ट लावला की पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. ऑपरेटरला हे पाठ असतं. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर तो आधी कन्व्हर्टरमधून काढतो, मगच कोरलमध्ये चिकटवतो. एजंटने मात्र अशी एक जुनी लग्नपत्रिका उघडली, आतली चिन्हं वाचली आणि नम्रपणे कळवलं, "फाइलमध्ये निरर्थक मजकूर आढळला. तो काढून टाकून जागा स्वच्छ केली आहे." निरर्थक मजकुरात दोन्हीकडची कुलदैवतं, सगळी आजोळं आणि 'आहेर आणू नये' ही सूचना गेली होती. वधूपिता म्हणाले, "बाकीचं भरा नंतर. ते शेवटचं राहिलं तर राहू दे."

एकूण पाहता, ज्याला आम्ही 'टूलचं वर्णन' म्हणत होतो ते प्रत्यक्षात त्या जिन्याखालच्या ऑपरेटरचं डोकं होतं. त्यातलं एकेक उपसून कागदावर मांडायचं, एवढाच माझा धंदा. इतकी वर्षं ते डोकं सॉफ्टवेअरच्या किमतीत धरलेलं नव्हतं, फ्लेक्सच्या चौरस फुटाच्या भावातही नव्हतं. ते फुकट मिळत होतं म्हणून त्याला नाव नव्हतं.

वर्णनं सुधारली तसा आमचा एजंट शहाणा झाला आणि शहाण्या माणसासारखे प्रश्न विचारू लागला. "चित्रात तीन साहेब आहेत. आपण कोणाविषयी बोलत आहात?" "फ्रेश म्हणजे रंग अधिक उजळ की मांडणी अधिक मोकळी?" मला हे ऐकून भरून आलं. ग्राहकांना मात्र राग आला. एकाने लिहून कळवलं, "एवढं सगळं मलाच सांगायचं तर तुमचं सॉफ्टवेअर कशाला घेऊ?" मॅनेजरने बैठक बोलावली आणि ध्येय ठरवलं: एजंटने प्रश्न विचारू नयेत आणि चुकूही नये.

मी म्हटलं, असा माणूस माझ्या माहितीत आहे.

ऑपरेटर ऑफिसात आला. काचेच्या खोलीत, फिरत्या खुर्चीत बसून त्याने आमच्या टूल्सची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. कॉफी बाजूला ठेवली. 'फोटो बदला' आहे, मग 'आधीचाच बरा होता' कुठे आहे, असं विचारलं. 'क्रम बदला' या टूलला "आधी सगळ्या डोक्यांची मापं बघून ठेवा" अशी पुरवणी जोडायला लावली. 'प्रोसेस नोड्स' पाहून तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "हे काढून टाका, कोणी विचारणार नाही." काढून टाकलं. कोणी विचारलं नाही.

शेवटी त्याने यादी पुन्हा एकदा चाळली.

"मेन टूलच नाही तुमच्यात."

"कोणतं?"

"ॲडव्हान्सचं."

आम्ही ते घातलं आणि यादीत सगळ्यात आधी ठेवलं. वर्णन त्याने तोंडी सांगितलं, मी उतरवून घेतलं: "ॲडव्हान्स जमा झाला का ते बघतो. झाला नसेल तर लाइट गेली आहे असं सांगून बाकीची सगळी टूलं बंद ठेवतो."

काय करतं, कधी चालतं, न जमल्यास पुढे काय, सगळं दोन वाक्यांत. मी त्यात एक शब्दही बदलला नाही. सुरक्षा विभागाने तेवढं 'अत्यंत महत्त्वाचे' लिहायला सांगितलं, आणि या एका बाबतीत आमचं सगळ्यांचं एकमत झालं.